नंतरची द्राक्षं

"पहिले ठोके आपले नव्हेत, नीट ऐका," लेओकादिया मुलांना सांगत होती. "आधी छोटी घंटा वाजेल. टिण-टाण, टिण-टाण, असं चार वेळा. तेव्हा कोणीही द्राक्ष तोंडात घालायचं नाही. का बरं?"

"कारण मोठी घंटा घसा खाकरते!" मुलं एका सुरात ओरडली.

"बरोबर. म्हातारी आहे ती. वर्षभराचं बोलायचं म्हणजे आधी घसा खाकरायला नको? ती खाकरत असताना आपण काय करायचं?"

"तोंड बंद!"

"आणि मग?"

"एक ठोका, एक द्राक्ष!"

"शाब्बास. हिमेना, मग आत्ता तुझ्या गालात काय आहे गं?"

पाच वर्षांच्या हिमेनाने गाल आत ओढला. "जीभ," ती म्हणाली, आणि जिभेबरोबर द्राक्षही दिसलं. सगळी पोरं खिदळली. लेओकादियाने आपल्या पुड्यातलं एक द्राक्ष काढून तिच्या पुड्यात टाकलं आणि काही झालंच नाही असा चेहरा केला.

वाल्देसेपा गावाच्या चौकात, कारंज्याच्या कठड्यावर अकरा पोरं ओळीने बसली होती. डिसेंबरची एकतीस तारीख, दुपारचे बाराला दहा कमी. नवं वर्ष लागताना रात्री बाराच्या बारा ठोक्यांना बारा द्राक्षं खायची इथली रीत; पण तोवर लहानांचे डोळे टिकत नाहीत, म्हणून गावाने दुपारचे बारा ठोके त्यांना देऊन टाकले होते. प्रत्येकाच्या मांडीवर कागदाचा पुडा, पुड्यात सोललेली, बिया काढून अर्धी केलेली बारा द्राक्षं. ही सोलण्याची कामगिरी लेओकादियाची. या मुलांच्या आयांनाही तिनेच याच कठड्यावर बसवून घसा खाकरणं आणि बोलणं यातला फरक शिकवला होता.

आज मात्र तिचं अर्धं लक्ष मुलांकडे होतं आणि अर्धं शेजारी. शेजारी तिचा नवरा ओविदिओ उभा होता. पाठीमागे हात बांधून, मान वर करून, घंटेच्या मनोऱ्याकडे बघत. या दिवशी या वेळेला त्याला जमिनीवर कोणी पाहिलंच नव्हतं.

"ओविदिओ खाली, मग वर कोण रे?" एक्याण्णव वर्षांची ब्रिखिदा आपल्या खुर्चीतून ओरडली. "देव का?"

"मशीन आहे वर, ब्रिखिदा आजी."

"मशीनला दात असतात का?"

"नसतात."

"माझ्यासारखंच की मग. समजून घेईल मला."

गेली चाळीस वर्षं या दिवशी ओविदिओ मनोऱ्यात असे. त्याआधी त्याचा बाप. घड्याळाचा आपला हातोडा भरभर चालतो. त्याच्या तालावर माणसाला द्राक्ष चावता येत नाही. म्हणून वर्षातून या दोन वेळा तो हातोडा अडकवून ठेवायचा आणि दोर हाताने ओढायचा, अशी गावाची रीत होती. बापाने ओविदिओला एवढंच शिकवलं होतं: एक श्वास घे, एक आवंढा गीळ, मग दोर ओढ. तेवढ्यात खालचा सगळ्यात सावकाश चावणारा माणूसही मोकळा होतो.

पण दोर ओढणाऱ्याचे दोन्ही हात दोरावर, आणि लक्ष मोजण्यात. तो वर खात नसे. सगळं आवरून खाली उतरेपर्यंत अर्धा तास जाई. मग स्वयंपाकघरात लसणाच्या गार झालेल्या सुपाशेजारी लेओकादियाने ठेवलेली बारा द्राक्षं तो एकेक करून तोंडात टाकी. "नंतरची द्राक्षं म्हणजे नुसती द्राक्षं," असं दरवर्षी म्हणे आणि बिया बशीत टाकी. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, आणि या एकोणचाळीस वर्षांत नवं वर्ष दोघांनी मिळून एकदाही तोंडात घातलं नव्हतं. एका वर्षी तो तापाने फणफणला होता तेव्हा पाववाल्याने घंटा वाजवली, पण तेव्हा ओविदिओच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. पाववाल्याने अकराच ठोके दिले. बारावं द्राक्ष हातात धरून अख्खं गाव चौकात ताटकळत उभं राहिलं होतं, आणि ओविदिओ अंथरुणातून "एक राहिला, एक राहिला" असं बरळत होता.

यंदा ऑक्टोबरात, द्राक्षांची काढणी चालू असताना, गावाने घंटेला विजेचं मशीन बसवायचं ठरवलं. त्या रात्री जेवताना ओविदिओ म्हणाला होता, "यंदा मी खाली. तुझ्या शेजारी. शब्द." आणि थोड्या वेळाने, ताट उचलताना, परत म्हणाला होता, "शब्द."

 दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन लेओकादियाने त्याच्यासाठी लाल बनियन घेतली. नव्या वर्षात शिरताना अंगावर लाल असावं, आणि ते स्वतः विकत घेतलेलं चालत नाही, दुसऱ्याने दिलेलं लागतं. दरवर्षी ती त्याला एक जोडी लाल मोजे देई. मनोऱ्यात गार लागतं म्हणून. बनियन पहिल्यांदाच घेतली.

बारा वाजले. मशीनची ही पहिलीच वेळ. छोटी घंटा वाजली: टिण-टाण, टिण-टाण. मुलांची तोंडं घट्ट बंद. मग क्षणभर शांतता.

आणि मग मोठी घंटा अशी सुटली, जणू मागे कुत्रं लागलंय. ठण् ठण् ठण् ठण्! मुलांनी एक द्राक्ष तोंडात घालेपर्यंत चार ठोके झाले, दुसरं घालेपर्यंत आठ. तिसऱ्याला सगळं संपलं. अकरा पोरं फुगल्या गालांनी एकमेकांकडे बघत बसली. आणि हिमेना, जिला मागे पडणं ठाऊकच नव्हतं, तिने पुडाच्या पुडा तोंडात ओतला होता. ती खोकली, मग खोकताही येईना, चेहरा लालबुंद झाला.

लेओकादियाने तिला उचललं, मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत चार थापट्या दिल्या. अर्धं द्राक्ष दगडावर जाऊन पडलं. हिमेना रडली, मग त्या द्राक्षाकडे बोट दाखवून हसली. तिची आई मात्र हसली नाही. 

सरपंचबाई फेर्मिना फोन कानाला लावून चौकात फेऱ्या मारू लागली. "हळू करायची सोय असेलच आत कुठेतरी. पण ती कुठे, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो गेलाय सासुरवाडीला, डोंगरात. फोनच लागत नाही." ती ओविदिओसमोर येऊन थांबली. "ओविदिओ काका..."

ओविदिओने लेओकादियाकडे पाहिलं. मग बुटांच्या टोकांकडे. "मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "मी नाही जाणार वर."

"मग भराभरा खाऊ," फेर्मिना म्हणाली. "काय होतंय? मोठी माणसं आहोत." पण बोलताना तिची नजर ब्रिखिदाच्या खुर्चीकडे गेली.

जेवणानंतर ओविदिओ बुटांना पॉलिश करत बसला. एकच बूट त्याने तीनदा घासला.

"झिजेल तो," लेओकादिया म्हणाली.

"लग्नातला आहे. झिजायचा असता तर केव्हाच झिजला असता."

"हिमेनाला बरं आहे आता. आईच्या मागे लागलीय, अजून द्राक्षं दे म्हणून."

"हं."

"तुला जायचंय का वर?"

"मी शब्द दिलाय, लेओकादिया."

"मी शब्दाचं नाही विचारलं."

त्याने बूट खाली ठेवला आणि दुसरा घेतला.   लेओकादियाने खांद्यावर शाल घेतली, परसातली कात्री घेतली आणि मळ्याकडे निघाली.

मळ्यात शेवटच्या ओळीला एक घड तिने मुद्दाम ठेवला होता. बाकीची काढणी कधीच झाली होती. या खोऱ्यात जूनमध्ये द्राक्षं हिरवी असतानाच प्रत्येक घडाला कागदी पिशवी बांधतात. पिशवीच्या आत, ऊन-वाऱ्यापासून लपून, घड सावकाश पिकत राहतो. इतका सावकाश की वर्ष संपता संपता तयार होतो. लेओकादियाने आयुष्यात किती पिशव्या बांधल्या, याचा हिशेब कोणी केला नव्हता. डोळे मिटूनही तिची बोटं ती गाठ मारू शकत.

सूर्य टेकडीमागे गेला होता आणि नदीकडून धुकं चढत होतं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. शेजारच्यांच्या मळ्यात उशिराचे घड अजून पिशव्यांत लटकत होते. धुक्यात वेलीही दिसेनाशा झाल्या, पिशव्या तेवढ्या पांढुरक्या उरल्या. जणू शेकडो लहान मुलं पांढरे अंगरखे घालून, श्वास रोखून उभी होती. घंटा बोलायची वाट बघत.

लेओकादिया थांबली. आणि त्या गप्प मळ्यात तिला एकेका वर्षाची घंटा ऐकू येऊ लागली.

मुलगी झाली त्या वर्षीची घंटा. तेव्हा ओविदिओचा दुसरा ठोका जरा लवकर पडला होता, जसं माणूस बोलता बोलता हसतं. त्याची आई गेली ते वर्ष. त्या वर्षी सहावा ठोका झाला आणि सातवा आलाच नाही. अख्खा चौक तोंडात द्राक्ष धरून उभा. कोणी म्हणालं, झोपला की काय. लेओकादियाला तेवढं कळलं होतं की तो वर रडतोय. मग सातवा आला, हळूच, अपराध्यासारखा. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, ते वर्ष. तेव्हाचे बाराही ठोके अगदी सारखे होते, एका मापाचे. स्वतःला धरून ठेवलेल्या माणसाच्या पावलांसारखे. ते ऐकून तिने नवव्या द्राक्षाला डोळे पुसले होते.

एकोणचाळीस वर्षं ती चौकात एकटी उभी राहून खात होती असं तिला वाटत आलं होतं. धुक्यात उभं राहिल्यावर तिला उमगलं की ती एकटी कधीच नव्हती. वरून कोणीतरी प्रत्येक घासाला तिच्याशी बोलत होतं. फक्त तिला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

आणि आज रात्री मशीन वाजवेल. ओविदिओ शेजारी असेल, बूट चकाकत असतील, आणि घंटा कोणाशीच बोलणार नाही.

तिने पिशवीसकट घड कापला. तो पिशवीतच ठेवून, छातीशी धरून, ती घरी आली.

रात्री साडेअकराला गाव चौकात जमलं. कुणाच्या गळ्यात लाल मफलर, कुणाच्या केसांत लाल फीत. शकुन म्हणून वाइनच्या पेल्यांत सोन्याच्या अंगठ्या टाकलेल्या. ब्रिखिदाला दोन नातवंडांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि तिच्या मांडीवर बशीत बारा द्राक्षं होती, कुसकरलेली. बँडवाले पिपाण्यांत फुंकून त्या गरम करत होते.

ओविदिओ लेओकादियाच्या शेजारी उभा होता. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, परत घातले. मग उजव्या हाताची मूठ आपोआप मिटली, उघडली, मिटली. दोर धरल्यासारखी. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. लेओकादियाने कान दिला.

"एक श्वास, एक आवंढा," तो पुटपुटत होता, ब्रिखिदाकडे बघत.

"चल," लेओकादिया म्हणाली.

"कुठे?"

"वर."

"अगं, मी शब्द दिलाय तुला."

"माझ्या शेजारी उभं राहायचा दिलायस. कुठे उभं राहायचं ते कुठे ठरलं होतं? मी वर येतेय."

"चौऱ्याण्णव पायऱ्या आहेत! तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. मी बघते त्यांचं. तू कंदील घे."

फेर्मिनाने दोघांना मनोऱ्याच्या दाराकडे जाताना पाहिलं आणि काही न विचारता किल्ली पुढे केली.

जिना गोल होता आणि भिंती ओलसर. लेओकादिया एक पाय टाकी, दुसरा त्याच पायरीवर आणी, मग पुढची पायरी. विसाव्या पायरीला बसली. चाळिसाव्याला बसली. साठाव्याला घड्याळाची खोली लागली. नव्या मशीनचा हिरवा दिवा भिंतीवर लुकलुकत होता. ओविदिओच्या मनगटावर बाराला एक मिनिट कमी होतं. त्याने मशीनचा खटका खाली ओढला. हिरवा दिवा विझला, आणि जुन्या घड्याळाची टिकटिक एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मग त्याने घड्याळाचा हातोडाही नेहमीसारखा अडकवून ठेवला.

"तू पुढे हो," ती पायरीवर बसून धापा टाकत म्हणाली. "मी येते मागून. गाव खोळंबलंय."

"नाही."

"अरे, बारा वाजतायत!"

"वाजवणारा इथे आहे," ओविदिओ म्हणाला आणि तिच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसला. "मी दोर ओढेपर्यंत वाजत नाहीत ते."

मग ती मिनिटं आली, जी वाल्देसेपातली माणसं अजून आठवतात. तबकडीवरचे काटे एकावर एक आले आणि घंटा वाजलीच नाही. घराघरांतल्या टीव्हीवर नवं वर्ष होऊन गेलं. उघड्या खिडक्यांतून दूरच्या शहरातला जल्लोष ऐकू आला आणि विरला. पण चौकात कोणी द्राक्षाला हात लावला नाही. बँडवाले गप्प झाले. धुकं कारंज्यापर्यंत आलं होतं. जुनं वर्ष संपलं होतं, नवं लागलं नव्हतं, आणि मधल्या त्या फटीत सगळं गाव मान वर करून उभं होतं. कोणाला घाई नव्हती. दोन वर्षं न बोलणाऱ्या दोघा शेजाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याला विचारलं, "काय झालं असेल रे?" आणि दुसरा म्हणाला, "येतील." वर एक कंदील खिडकी-खिडकीतून सावकाश चढत होता.

चौऱ्याण्णवावी पायरी आली. लेओकादिया पहिल्यांदाच त्या घंटेपुढे उभी राहिली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती लहान होती आणि जवळ होती. कंदिलाच्या उजेडात तिची कड झिजून चमकत होती. खाली धुक्याचं तळं पसरलं होतं आणि त्यात चौकातले दिवे बुडालेल्या तबकांसारखे दिसत होते. दूर मळ्यांतल्या पिशव्याही त्याच धुक्याखाली गेल्या होत्या.

ओविदिओने उजव्या हातात मोठा दोर घेतला, डाव्यात छोटा. लेओकादिया त्याच्या समोर उभी राहिली, कागदी पिशवी उघडून. त्याने छोटा दोर हलवला. टिण-टाण. आणि लगेच, पिलासारखं, मोठं तोंड उघडलं.

"अरे, मीट!" ती ओरडली. "हे खाकरणं आहे!"

ओविदिओने तोंड मिटलं. चाळीस वर्षं हे खाकरणं त्यानेच केलं होतं, पण खालून ते कसं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचे खांदे हसून हलायला लागले आणि छोट्या घंटेचे पुढचे ठोके जरा वाकडेतिकडे पडले.

मग शांतता. मग पहिला ठोका. घंटेचा आवाज लेओकादियाच्या कानांत नाही, बरगड्यांत वाजला. तिने त्याच्या तोंडात द्राक्ष घातलं.

आता श्वास आणि आवंढा मोजायची गरज नव्हती. तो खरंच चावत होता, खरंच गिळत होता. बिया गालात सारून तो मान हलवी, मग दोर ओढी. ठोके इतके सावकाश पडले की खाली ब्रिखिदाने एकेक द्राक्ष चघळून संपवलं आणि मध्ये एकदा नातवाला म्हणाली, "काय झालंय याला? पोटभर जेवायला बसलाय का वर?"

बारावा ठोका झाला. खाली एकच गलका उठला. बँड सुरू झाला, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. ओविदिओने दोर सोडले. त्याचे गाल ओले होते, द्राक्षाच्या रसाने आणि आणखी कशाने तरी.

"खाल्ली," तो म्हणाला. "बाराही. तुझी?"

लेओकादियाने पिशवीत पाहिलं. अर्धा घड तसाच होता. त्याला भरवायच्या नादात एकही द्राक्ष तिच्या तोंडात गेलं नव्हतं.

"राहिलीच," ती म्हणाली आणि हसू लागली. "असू दे. खाली जाऊन खाईन."

"नंतरची द्राक्षं म्हणजे..."

"नुसती द्राक्षं. ठाऊक आहे मला. एकोणचाळीस वर्षं ऐकतेय."

 ओविदिओ घंटेजवळ गेला. दोराला हात न लावता त्याने आपल्या बोटाचं पेर तिच्या झिजलेल्या कडेवर हलकेच वाजवलं. टुन्. दारावर ओळखीच्या माणसाने वाजवावं तसं. तो आवाज मनोऱ्याच्या खिडकीपर्यंतही गेला नाही.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

लेओकादियाने एक द्राक्ष तोंडात घातलं. थंड होतं, गोड होतं, आणि घाई नव्हती. तिने ते सावकाश चावलं, गिळलं, आणि मग मान हलवली. तेव्हा त्याने दुसऱ्यांदा वाजवलं.